खाणीआधीची नोंद : पर्यावरण आघात मूल्यमापनाच्या अभ्यासकांसाठी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातला जांभ्याचा सडा एप्रिलमध्ये पाहिला, तर तिथे टिपून घेण्याजोगे काही आहे असे वाटत नाही. काळपट तांबडा कातळ, वाळून पिवळे पडलेले गवत, कडेला करवंदाची जाळी. जमीनवापराच्या नकाशांत अशा जागेवर नापीक खडकाळ पडीक असा शेरा असतो आणि सातबाऱ्यावर ती बहुधा पोटखराब्यात जाते. पावसाळा सुरू झाला की याच कातळावर दिपकाडीची पांढरी फुले येतात. ही वनस्पती जगात फक्त कोकण-गोव्याच्या या पट्ट्यात आहे. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात उथळ खळग्यांतल्या पाण्याकाठी सीतेची आसवे नावाची निळी-जांभळी कीटकभक्षी फुले आणि गेंदाचे पांढरे गुच्छ दाटतात. वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस जांभ्याच्या छिद्रांतून खाली उतरतो, खालच्या चिकणमातीच्या थरावर थबकतो आणि सड्याच्या उतारावर झरे होऊन बाहेर येतो. पायथ्याच्या वाडीची विहीर आणि पोफळीची बाग या पाण्यावर जगते.

आता या सड्यावर खाणीचा प्रस्ताव आला असे समजा. खाणीच्या अहवालासाठी हवा, पाणी, आवाज, माती, वनस्पती आणि प्राणी यांची आधारभूत माहिती गोळा करावी लागते. अभ्यासाच्या प्रचलित कार्यकक्षेनुसार त्यासाठी पावसाळा सोडून वर्षातला कोणताही एक हंगाम पुरतो. मार्च ते मे हे तीन महिने निवडले, आठवड्यातून दोन दिवस याप्रमाणे बारा आठवडे हवेचे नमुने घेतले, भोवतालच्या दहा किलोमीटर परिसराचे सर्वेक्षण उरकले, की नियम पाळला गेला. अहवालात एकही आकडा खोटा नसेल, आणि तरीही त्यात सडा नसेल. दिपकाडीचा कंद जमिनीखाली झोपलेला असेल, खळगे कोरडे असतील, झऱ्यांचा उगम कोणी पाहिलेला नसेल.

या विषयाच्या उंबरठ्यावर आलेल्या विद्यार्थ्याने, अधिकाऱ्याने, वकिलाने किंवा ग्रामपंचायत सदस्याने सर्वात आधी हे उदाहरण मनात ठेवावे. पर्यावरण आघात मूल्यमापन म्हणजे परवान्याच्या वाटेवरचा एक कागद, अशी समजूत मंत्रालयापासून गावापर्यंत पसरलेली आहे. माझ्या मते त्याचा गाभा वेगळा आहे. एखादी जागा कायमची बदलण्याआधी ती कशी होती हे प्रामाणिकपणे लिहून ठेवण्याची, आणि त्या लिखाणाच्या आधारावर हो किंवा नाही म्हणण्याची, ही समाजाने स्वतःसाठी लावून घेतलेली शिस्त आहे. पुढची भाकिते, उपाययोजना, अटी, देखरेख हे सगळे त्या पहिल्या नोंदीवर उभे असते. ती नोंद कोण करतो, कोणत्या ऋतूत करतो आणि कोणाला विचारून करतो, हे या विद्याशाखेचे सर्वात महत्त्वाचे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे अजून पक्की झालेली नाहीत. म्हणूनच इथे नव्या माणसांना खूप काम आहे.

या शिस्तीचा कायदेशीर जन्म अमेरिकेत १ जानेवारी १९७० रोजी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही झाली तेव्हाचा मानतात. मला मात्र कॅनडातली एक घटना अधिक शिकवणारी वाटते. मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून वायुवाहिनी न्यायची की नाही, या प्रश्नाच्या चौकशीसाठी १९७४ मध्ये न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांची नेमणूक झाली. तज्ज्ञांच्या औपचारिक सुनावण्यांवर ते थांबले नाहीत. खोऱ्यातल्या लहान-लहान वस्त्यांपर्यंत ते स्वतः गेले आणि शिकारी, मच्छीमार, वृद्ध स्त्रिया यांची साक्ष त्यांच्याच भाषेत ऐकली. १९७७ च्या अहवालात त्यांनी खोऱ्यातली वाहिनी दहा वर्षे थांबवावी अशी शिफारस केली. प्राण्यांच्या वाटा आणि बर्फाची वागणूक यांविषयी स्थानिकांना जे ठाऊक असते ते पुरावा म्हणून नोंदवता येते, हे त्या चौकशीने दाखवून दिले.

आपल्याकडचा धडा दगडखाणींनीच दिला. डेहराडूनजवळच्या दून खोऱ्यात चुनखडीच्या खाणींनी डोंगर उघडेबोडके केले होते. १९८३ मध्ये तिथल्या एका संस्थेचे पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले, तज्ज्ञांच्या समित्या नेमल्या आणि १२ मार्च १९८५ च्या आदेशाने अनेक खाणी बंद केल्या. त्या वादातला शास्त्रीय मुद्दा आजही ताजा आहे. चुनखडी काढून विकली तर एकदाच पैसा देते. डोंगरात राहिली तर भेगांमधून पाणी साठवते आणि झरे वर्षभर वाहते ठेवते. खनिज म्हणून दगडाची किंमत बाजार सांगतो, जलधारक म्हणून त्याची किंमत सांगायला कोणीतरी आधी मोजमाप केलेले असावे लागते. दूनमध्ये ते मोजमाप खाणी सुरू होऊन बऱ्याच वर्षांनी झाले. जांभ्याच्या सड्याला हा मुद्दा जसाच्या तसा लागू पडतो.

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखालची मूल्यमापनाची पहिली अधिसूचना २७ जानेवारी १९९४ ची, जनसुनावणी सक्तीची झाली १९९७ मध्ये, आणि आज चालू असलेली चौकट १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेची. तिच्यात अनेक दुरुस्त्या झाल्या असल्या तरी चार पायऱ्या कायम आहेत: प्रकल्पाची छाननी, अभ्यासाची कार्यकक्षा, लोकांशी सल्लामसलत आणि तज्ज्ञ समितीची पारख. मोठे प्रकल्प दिल्लीच्या मंत्रालयाकडे, बाकीचे राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे जातात. वर्गवारीच्या हेक्टरच्या मर्यादा वरचेवर बदलतात. नवशिक्याने त्या पाठ करण्यात वेळ घालवू नये, त्या-त्या वेळची अधिसूचना उघडून पाहावी.

पण एक मर्यादा मात्र इतिहासासकट समजून घेतली पाहिजे: पाच हेक्टरची. २००६ च्या अधिसूचनेत पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्टा पर्यावरण मंजुरीतून सुटत होता. पाच हेक्टर म्हणजे साधारण साडेबारा एकर. कोकणातली चिरेखाण, घाटावरची खडीची खाण, नदीतला वाळूघाट यांतले बहुतेक पट्टे याहून लहान. महसूल खात्याच्या भाषेत ही सगळी गौण खनिजे. परवाना, रॉयल्टी, वाहतूक पास यांचा हिशेब तहसीलदार ठेवत, पण डोंगराचा आणि नदीचा हिशेब कोणाच्याच टेबलावर नसे. शिवाय मोठ्या क्षेत्राचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा पाचच्या आत बसवण्याची वाट मोकळी होती. हरियाणातल्या अशाच लिलावांच्या प्रकरणात, दीपक कुमार खटल्यात, २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही वाट बंद केली. गौण खनिजाचा पट्टा पाच हेक्टरहून लहान असला, किंवा त्याचे नुसते नूतनीकरण असले, तरी पर्यावरण मंजुरीवाचून तो देता येणार नाही.

नंतर काय घडले तेही पाहा. हजारो लहान पट्ट्यांचा भार उचलण्यासाठी १५ जानेवारी २०१६ च्या दुरुस्तीने जिल्हा पातळीवर प्राधिकरणे आणली आणि पाच हेक्टरपर्यंतच्या पट्ट्यांना जनसुनावणी व सविस्तर अहवाल यांतून सवलत दिली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १३ सप्टेंबर २०१८ च्या आदेशात ही सवलत दीपक कुमार निकालाशी विसंगत ठरवली. २०१६ च्या दुरुस्तीत दोन चांगल्या गोष्टीही होत्या. एक, जिल्हा सर्वेक्षण अहवाल: जिल्ह्यात कोणते खनिज कुठे आहे, नदीत दरवर्षी किती वाळू नव्याने येते, हे आधी ठरवायचे आणि मग पट्टे द्यायचे. दुसरी, समूहाची कल्पना: एकाच प्रकारच्या खनिजाच्या पट्ट्यांमधले अंतर पाचशे मीटरहून कमी असेल तर त्यांचा विचार एकत्र करायचा. या दोन्ही कल्पना कागदावर उत्तम आहेत. जिल्हा सर्वेक्षण अहवाल कोणी नीट वाचलेला नसतो, हे मात्र मी दुःखाने नोंदवतो. ज्याला या क्षेत्रात पहिले पाऊल टाकायचे आहे त्याने आपल्या जिल्ह्याचा हा अहवाल मिळवून, त्यातल्या नकाशावरचे पट्टे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावेत. पदवीच्या विद्यार्थ्यालाही झेपेल असे हे काम आहे.

एकत्र परिणामांचा प्रश्न किती मोठा होऊ शकतो हे गोव्याने दाखवले. पोर्तुगीज काळातल्या सवलती १९८७ च्या कायद्याने खाणपट्टे झाल्या, आणि डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत शेजारी-शेजारी खाणी वाढल्या. चीनची मागणी उसळल्यावर २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून शेजारच्या राज्यातल्या मालासह पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले. एक टन खनिजामागे त्याच्या दुपटी-तिपटीएवढी माती आणि दगड उचलावा लागतो. त्याचे ढिगारे पावसात वाहून शेतांत आणि ओहोळांत उतरले. खड्डे भूजलपातळीच्या खाली गेल्यामुळे पाणी उपसावे लागले आणि शिरगावसारख्या गावांतल्या विहिरी आटल्या. प्रत्येक खाणीचा स्वतंत्र अहवाल होता, प्रत्येक अहवालात परिणाम मर्यादेत असल्याचे लिहिले होते. रस्त्यावरून धावणारे सगळ्या खाणींचे ट्रक एकत्र मोजून पाहणे हे कोणत्याच एका अहवालाचे काम नव्हते.

पुढचा क्रम बहुतेकांना ठाऊक आहे. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल, सप्टेंबर २०१२ मध्ये थांबलेले खाणकाम, २१ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि त्यातली वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा, ७ फेब्रुवारी २०१८ ला रद्द झालेली ८८ पट्ट्यांची नूतनीकरणे. या काळात खाणीवर पोट असलेल्या ट्रकमालकांची, बार्जवाल्यांची, गॅरेज आणि खानावळी चालवणाऱ्यांची जी परवड झाली तिच्याकडे पाठ फिरवून पर्यावरणाचा अभ्यास करता येत नाही. वेळेवर केलेले प्रामाणिक मूल्यमापन त्यांच्याही हिताचे होते. दरवर्षी किती खनिज काढले तर गाव आणि धंदा दोन्ही टिकतील, हा प्रश्न वीस वर्षे आधी विचारला गेला असता तर तो एका रात्रीत सगळे बंद करून सोडवावा लागला नसता.

अहवाल कोण लिहितो, हा पुढचा प्रश्न. आपल्या पद्धतीत प्रकल्पाचा मालक सल्लागार नेमतो आणि त्याचे पैसे देतो. सल्लागारांना मान्यता घ्यावी लागते, त्यांच्यात कसलेले आणि सचोटीचे लोक आहेत, हे मी आवर्जून सांगतो. पण रचनेतला ताण त्यामुळे नाहीसा होत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारे जसेच्या तसे आल्याचे उघड झाले. पक्ष्यांचे अधिवास म्हणून त्यात स्प्रूस आणि बर्च या थंड प्रदेशातल्या झाडांची जंगले आली होती. कोकणातल्या कोणत्याही गुराख्याला तो परिच्छेद वाचून दाखवला असता तर त्याने चूक लगेच सांगितली असती. अहवाल त्याच्यापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचलाच नव्हता, हे खरे दुखणे आहे.

यासाठी जनसुनावणी असते. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवते, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने अपर जिल्हाधिकारी दर्जाहून खालचा नसलेला अधिकारी तिथे बसतो. एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात जाहीर सूचना देऊन किमान तीस दिवसांची मुदत द्यावी लागते. सुनावणीचे चित्रीकरण होते आणि कार्यवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचे असते. मराठी वाचकाच्या हाती मात्र मराठीत येतो तो फक्त सारांश. शेकडो पानांचा मूळ अहवाल, त्यातले भूजलाचे तक्ते आणि सुरुंगांच्या कंपनांचे अंदाज इंग्रजीतच राहतात. २०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा आला तेव्हा तोही आधी इंग्रजी आणि हिंदीतच होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी तो आठव्या अनुसूचीतल्या भाषांत आणण्याचा आदेश दिला होता. माझे मत स्पष्ट आहे: ज्या गावाची विहीर पणाला लागली आहे त्या गावाला किमान पाणी, सुरुंग आणि वाहतूक ही प्रकरणे संपूर्ण मराठीत मिळालीच पाहिजेत. ते नसेल तर सुनावणीत बोलणारा माणूस न वाचलेल्या कागदावर मत देत असतो, आणि मग त्याचे बोलणे भावनिक म्हणून बाजूला सारले जाते.

सुरुंगांचेच पाहा. घराला तडा गेला म्हणून लोक तक्रार करतात आणि खाणवाला म्हणतो, स्फोट मर्यादेत होता. ती मर्यादा काय हे दोघांनाही ठाऊक असेल तर बोलणे पुढे सरकते. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार खाणमालकाची नसलेली घरे असतील तर कंपनांचा वेग वारंवारितेनुसार सेकंदाला ५, १० किंवा १५ मिलिमीटरच्या आत हवा. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंसाठी तर ही मर्यादा २ मिलिमीटरपासून सुरू होते. मग मातीत बांधलेले जुने चिऱ्याचे घर कोणत्या वर्गात धरायचे? गावातले देऊळ? सड्यावरची कातळशिल्पे? कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ स्थळे, आठ महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातले, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यांतली कित्येक शिल्पे अभ्यासकांना सापडली ती गावातल्या माणसांनी वाट दाखवल्यामुळे. ज्या कातळाला दप्तरात पडीक म्हटले त्यावर काय कोरलेले आहे हे गुरे चारणाऱ्यांना माहीत होते. सुनावणीत नेमके अशाच माणसांनी बोलावे, आणि बोललेले अहवालात उतरावे, अशी अपेक्षा आहे.

त्यांचे बोलणे तज्ज्ञ समितीने खरोखर विचारात घेतले का, हे तपासण्याची कसोटीही गोव्यातूनच आली. केपे तालुक्यातल्या एका खाणीविषयीच्या उत्कर्ष मंडळ खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये सांगितले की लोकांच्या आक्षेपांचा विचार झाल्याचे समितीच्या इतिवृत्तात कारणांसह दिसले पाहिजे, एका दिवसात पाचाहून अधिक प्रकल्प हातावेगळे करणे योग्य नव्हे, आणि खाण कंपन्यांशी संबंध असलेल्या व्यक्तीने खाणींच्या समितीचे अध्यक्षपद भूषवणे बरे नव्हे. पर्यावरण कायदा शिकणाऱ्याने मोठ्या गाजलेल्या निकालांआधी हा निकाल वाचावा. निर्णय कसा घ्यावा याचे इतके साधे आणि नेमके विवेचन मला इतरत्र क्वचित आढळले.

न्यायालयांवर सगळा भार टाकता येत नाही, हेही ओळखले पाहिजे. ओडिशातल्या नियामगिरीचा निर्णय २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइट खाण नाकारली. दुसरीकडे, आधी काम आणि मागाहून मंजुरी हे चालेल का, या प्रश्नावर न्यायालयाचेच मत स्थिरावलेले नाही: मे २०२५ मध्ये अशा मंजुऱ्यांची वाट बंद करणारा निकाल आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो बहुमताने मागे घेतला गेला. या अभ्यासशाखेच्या दृष्टीने मागाहून दिलेल्या मंजुरीचा तोटा कायद्याच्या पलीकडचा आहे. खोदकाम झाल्यावर आधीची नोंद करणार कशाची?

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात ग्रामसभा, शाळा-महाविद्यालये आणि स्थानिक अभ्यासक यांच्याकडून माहिती गोळा करण्यावर जो भर दिला, त्यावर पुरेसे काम झालेले नाही. हंगामांचा प्रश्न त्याने निम्मा सुटेल. सल्लागाराचे पथक तीन महिन्यांसाठी येते. गावातल्या शाळेचा शिक्षक बारा महिने तिथे असतो, पावसाळ्यात झऱ्याला किती पाणी आहे हे बादली आणि घड्याळ घेऊन मोजू शकतो, मेमध्ये विहिरीची पातळी दोरीने मापू शकतो. अशा नोंदी तारखेसह सलग काही वर्षे ठेवल्या, तर त्या सुनावणीत मांडता येतात आणि हरित न्यायाधिकरणातही पुरावा म्हणून पुढे ठेवता येतात. मंजुरीला आव्हान देण्याची मूळ मुदत तीस दिवसांचीच आहे. तेवढ्या वेळात नवे मोजमाप होत नाही, जे आधीच मोजून ठेवले आहे तेच कामी येते.

आणखी एक दालन जवळजवळ रिकामे आहे: भाकितांची पडताळणी. प्रत्येक अहवालात खाण सुरू झाल्यावर धूळ किती वाढेल, पाणी किती खाली जाईल, ढिगाऱ्यांवर झाडे केव्हा लागतील हे लिहिलेले असते. मंजुरीनंतर दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो. आज बरीचशी कागदपत्रे मंत्रालयाच्या परिवेश या मंजुरीविषयक संकेतस्थळावर आहेत, उरलेली माहिती अधिकारात मागता येतात. म्हणजे दहा-पंधरा वर्षांपूर्वी मंजूर झालेली, आपल्या तालुक्यातली एक खाण निवडायची, तिचा मूळ अहवाल काढायचा, त्यातले तिसऱ्या प्रकरणातले आधारभूत आकडे आणि चौथ्यातले अंदाज एका तक्त्यात लिहायचे, आणि तिसऱ्या रकान्यात आज प्रत्यक्ष मोजलेली संख्या घालायची. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. भूजलाचे आकडे तपासायला तर अहवालात ज्यांची नावे दिली आहेत त्या विहिरी, मोजपट्टी आणि विहिरींच्या मालकांशी निवांत बोलायला दोन दिवस पुरतात. असे पन्नास तक्ते महाराष्ट्र-गोव्यातून जमले, तर कोणत्या प्रकारचे अंदाज नेमाने चुकतात आणि कोणते बरोबर ठरतात हे तज्ज्ञ समित्यांना पहिल्यांदाच आकड्यांत दिसेल. या शाखेत नव्याने येणाऱ्यांनी आपल्या तालुक्यातल्या एका खाणीपासून सुरुवात करावी, आणि पहिली फेरी जुलैमध्ये ठेवावी.